सुरीच्या मुठीवरची नक्षी कोण काढतं?

हौशी कारागिरांनी हाताने घडवलेल्या सुऱ्यांच्या मुठीवर बरेचदा वळणदार रेषा दिसतात. मधोमध लांबट कडी, तिच्याभोवती आणखी कड्या, आणि कडेला दाटीवाटी. ही नक्षी कुणी रंगवलेली नसते. मुठीसाठी घेतलेली शीट, म्हणजे मायकार्टा किंवा जी-१०, सपाट असते आणि तिच्यात रंगीत कापडाचे थर एकावर एक दाबून बसवलेले असतात. कानशीने गोलाई आणली की हे थर तिरके कापले जातात आणि त्यांच्या कडा उघड्या पडतात.

एक थर ०.२ मिलिमीटर जाड आहे असं धरू. काटकोनात कापला तर त्याची तेवढीच रुंद रेघ दिसेल. घासलेली बाजू थराशी १० अंशांचा कोन करत असेल तर रेघ सुमारे १.१५ मिलिमीटर होते, ५ अंशांना २.३. म्हणजे फुगवटा जिथे जवळजवळ सपाट आहे तिथे रेघा ऐसपैस, आणि उतार वाढला की दाट. डोंगराच्या नकाशावरच्या समोच्च रेषांचं गणित हेच. म्हणूनच कानस एका बाजूला जास्त चालली तर नक्षी लगेच चहाडी करते: डावीकडच्या कड्या उजवीकडच्यांशी जुळत नाहीत. मोजपट्टीपेक्षा मला हीच तपासणी भरवशाची वाटते.

हा माल मुळात सुऱ्यांसाठी बनलाच नव्हता. लिओ बेकलंड यांना १९०९ साली फिनॉलिक रेझिनचं, म्हणजे उष्णतेने घट्ट होणाऱ्या एका प्लास्टिकचं, पेटंट मिळालं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीने अशा रेझिनमध्ये भिजवलेला कागद आणि कापड उष्णता देऊन दाबलं, आणि विजेच्या यंत्रांसाठी मायकार्टा हा विद्युतरोधक तयार केला. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन ज्याला हायलम शीट म्हणतात, ती याच कुळातली. दुसऱ्या शीटमध्ये, जी-१० मध्ये, सुती कापडाऐवजी काचेच्या धाग्यांचं कापड असतं आणि फिनॉलिकऐवजी इपॉक्सी हे रेझिन. तिचंच आगीला दाद न देणारं भावंड, एफआर-४, मोबाइलपासून टीव्हीपर्यंतच्या सर्किट बोर्डांत असतं.

ही रेझिनं एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत, पण तापवलं की मऊ पडतात आणि फार तापली तर करपतात. त्याहून नाजूक असतो मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पात्याला चिकटवणारा साधा इपॉक्सी. तो पुष्कळ आधी ढिला पडतो, आणि घासायच्या मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर मुठीतली पितळी रिवेट तापली की उष्णता थेट त्याच्यापर्यंत पोचते. हाताने घासण्यात वेळ जातो खरा, पण हा धोका जवळपास उरत नाही.

धूळ मात्र हाताने घासतानाही उडते. जी-१० मधला काचेचा एकेक तंतू साधारण ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. त्याचे तुकडे कातडीत टोचतात आणि खाज सुटते. बारीक भुकटी फुप्फुसांत जाणं त्याहून वाईट. म्हणून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत चालणारा घासकागद, घ्यायचा आणि तो ओलाच ठेवायचा. एन-९५ मास्क तरीही हवाच, आणि साचलेला राडा वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून काढायचा. वाळला की तो पुन्हा धूळच.

पुढच्या टोकाची कड, म्हणजे पात्याला लागून असलेली, पट्ट्या चिकटवण्याआधीच पूर्ण घासून घ्यावी लागते. नंतर तिथे कागद फिरवला तर पात्यावर ओरखडे पडतात. एरवीचा क्रम सरळ आहे: जाड कणांच्या कागदाकडून बारीक कणांच्या कागदाकडे. पी-१२० कागदावरचे कण सुमारे १२५ मायक्रॉनचे, पी-४०० चे ३५, पी-८०० चे २२. कागद बदलला की घासण्याची दिशाही आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे वेगळे ओळखू येतात आणि ते पुरते गेले की नाही ते कळतं.

पी-४०० ला थांबलेला मायकार्टा फिकट, पांढुरका दिसतो. ओरखड्यांवर आणि सुताच्या उघड्या टोकांवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, त्यामुळे. तेलाचा हात फिरवला की रंग एकदम गडद होतो, कारण तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) रेझिनच्या बराच जवळ असतो आणि त्या खाचांत तेल भरलं की विखुरणं कमी होतं. साबणाने धुतल्यावर रंग पुन्हा उतरतो. पण स्वयंपाकाच्या सुरीला मी पी-४०० वरच थांबेन. आरशासारखी गुळगुळीत मूठ ओल्या हातातून सटकते.