हौशी रेडिओ स्पर्धा व स्वनिर्मित संच

हौशी रेडिओ केंद्रचालकांच्या (हॅम) ठरावीक वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्याच्या स्पर्धांत घरी बांधलेल्या, बहुधा अल्पशक्ती संचावर, क्रमांकाची ईर्षा न धरता थोडा वेळ भाग घेण्याचा प्रघात. अशा संचाला ‘होमब्रू’ म्हणतात.

या स्पर्धांचा आरंभ सामान्यतः अमेरिकन रेडिओ रिले लीग या अमेरिकी हौशींच्या संघटनेच्या 1927 मधील ‘इंटरनॅशनल रिले पार्टी’पासून धरतात. काहींच्या मते तो डिसेंबर 1921 च्या अटलांटिकपार चाचण्यांपर्यंत मागे नेता येतो. त्या वेळी पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे तंबूत बसून अमेरिकेतील ‘1बीसीजी’ केंद्राचे संकेत टिपले होते. परंतु तो संपर्क एकतर्फी होता. अटलांटिकपार दुतर्फी हौशी संपर्क 1923 मध्ये साधला. त्यामुळे 1927 हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. स्पर्धेतील पुकाऱ्यातला (संपर्कासाठी दिलेल्या हाकेतला) ‘टेस्ट’ हा शब्दही त्या चाचण्यांशी न जोडता ‘कॉन्टेस्ट’चे लघुरूप मानणे सयुक्तिक. त्या काळी बहुतेक संच हातानेच बांधलेले असत. ‘स्वनिर्मित’ असे वेगळे सांगण्याची वेळ कारखानी संच रुळल्यावर आली.

शक्तिमर्यादा : अल्पशक्तीसाठी रूढ असलेला ‘क्यूआरपी’ हा संकेत मुळात ‘शक्ती कमी करा’ अशा अर्थाचा. त्याची आजची 5 वॅट ही मर्यादा मूळची नव्हे. 1961 मध्ये स्थापन झालेल्या क्यूआरपी क्लबाने आरंभी 100 वॅटपर्यंतची शक्ती अल्प मानली होती. शिवाय पूर्वी प्रेषकाच्या (ट्रान्समीटर) अंतिम टप्प्याला पुरवलेली शक्ती मोजत, आता अँटेनाकडे जाणारी मोजतात. कार्यक्षमता निम्मी धरल्यास जुने 10 वॅट म्हणजे आजचे 5, हे जुने आकडे वाचताना विसरू नये. 100 वॅटवरून 5 वर आल्यास संकेत 13 डेसिबेलने घटतो. 6 डेसिबेलचे एक याप्रमाणे हे ग्राहीवर (रिसीव्हर) संकेताची तीव्रता दाखवणाऱ्या दोन ‘एस’ एककांहून थोडेसेच अधिक. अल्पशक्ती केंद्राचे निभते ते यामुळेच.

पद्धती : असा चालक एका कंप्रतेवर (फ्रीक्वेन्सी) ठाण मांडून पुकारत नाही, पट्टा धुंडाळत इतरांच्या पुकाऱ्याला उत्तर देतो. स्पर्धा संपत आली की मोठ्या केंद्रांना नवे संपर्क मिळेनासे होतात आणि क्षीण संकेतही आवर्जून ऐकले जातात. संकेत कसा ऐकू येतो याचा अहवाल मात्र ठरीव ‘599’, म्हणजे स्पष्ट व जोरदार. कॉल साइन (केंद्राचे ओळखचिन्ह) तीनदा विचारणाराही तोच देतो. जूनमधील ‘फील्ड डे’त (बाहेर तात्पुरती केंद्रे उभारण्याचा लीगचा उपक्रम) वीजजोडणी वा जनित्राशिवाय 5 वॅटपर्यंत चालणाऱ्या केंद्राचे संपर्कगुण पाचपट होतात. मात्र लीग या उपक्रमाला निव्वळ स्पर्धा मानत नाही. जुन्या रेडिओंचे संग्राहक ब्रूस केली यांच्या नावाच्या ‘1929 पार्टी’त त्या वर्षापर्यंतच्या रचनेचे प्रेषक वापरतात, त्यांचा सूर हलतो, आणि तेच अपेक्षित असते.

भारत : हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘बिटएक्स20’ हा 14 मेगाहर्ट्झवरील सुमारे 6 वॅटचा संच विशेष उल्लेखनीय. तारेच्या गुंडाळीसाठी आयात चुंबकीय कड्यांऐवजी नळाचे वायसर, बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर आणि ग्रहण-प्रेषण दोन्हींसाठी तेच प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर), अशी त्याची रचना. पुढे ‘बिटएक्स40’ व ‘मायक्रोबिटएक्स’ निघाले. ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ या जागतिक स्पर्धेत जगाचे क्रमांकित विभाग पाडलेले असतात; मुख्यभूमीवरील भारतीय केंद्रे आपला विभाग 22 असे कळवतात. प्रेषणास केंद्र सरकारचा परवाना लागतो.