क्षमा एकट्याची, समेट दोघांचा: नाशिकच्या मंडळ्यांतील जुना गुंता

शरणपूर रस्त्याच्या नावातले ‘शरण’ आता कुणाच्या कानात शिरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वसली ती घरापासून तुटलेली माणसे: ख्रिस्ती झाल्यामुळे आप्तांनी दूर केलेली कुटुंबे आणि गुलामांच्या गलबतांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुले. धर्मांतरामुळे मोडलेल्या संसारांसाठी १८६६ चा कायदा होता. त्यातही जोडीदाराने नांदायला नकार दिला, तरी न्यायालय प्रकरण वर्षभर पुढे ढकलत असे, मन बदलायला सवड म्हणून.

मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, भांडणांना मात्र प्रार्थनापुस्तक लागू होते. १६६२ च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पुस्तकात प्रभुभोजनाआधीच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीआधीच्या, सूचना नेमक्या आहेत. भाग घेणाऱ्याने निदान आदल्या दिवशी पाळकाला (मंडळीच्या धर्मगुरूला) नाव कळवायचे. दोघांत वैर दिसले तर ते मिटेपर्यंत दोघांनाही मेजाजवळ येऊ द्यायचे नाही. पण एक जण मनापासून क्षमा करायला आणि स्वतःकडून झालेल्या अपराधाची भरपाई करायला तयार असेल, आणि दुसरा हटून बसला असेल, तर पहिल्याला घ्यायचे, दुसऱ्याला थांबवायचे. ज्याला थांबवले त्याची माहिती १४ दिवसांत वरिष्ठांना द्यायची. म्हणजे समेट अडला तरी क्षमा करणाऱ्याची भाकर अडत नव्हती.

हा फरक पुढे पुसट झाला, त्याला भाषाही कारण आहे. मराठी पवित्र शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ सोडायचे आहे (मत्तय ६:१२). ऋण सोडायला एकटा धनको पुरतो, ऋणकोने येऊन पाया पडायची गरज नाही. समेटाला दोघे लागतात. त्यात समेट हा आपल्याकडे पंचायतीचा आणि पोलीस ठाण्याचा शब्द: थोडे तू सोड, थोडे तो सोडेल. मत्तय ५:२४ मध्येही समेट आणि २ करिंथ ५:१८ मध्येही समेट, पण मूळ ग्रीकमध्ये तिथे एकाच धातूची दोन वेगळी रूपे आहेत, आणि प्रसंग तर उलटे. मत्तयात ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याने दान वेदीपाशी ठेवून उठायचे आहे. पौलाच्या पत्रात ज्याचा अपराध झाला तो देवच पहिले पाऊल टाकतो. घासाघीस दोन्हीकडे नाही. हे न सांगता ‘क्षमा केलीस ना, मग जा नांदायला’ असा सल्ला दिला जातो. तो शास्त्राला धरून नाही, आणि मार खाणाऱ्या बाईला तो धोक्यात ढकलतो.

विसाव्या शतकात शांतीचे चिन्ह, म्हणजे उपासकांनी एकमेकांना शांतीचा नमस्कार करणे, उपासनेत पुन्हा रुजले. १९५० च्या दक्षिण भारतीय चर्चच्या उपासना-विधीने ते अर्पणाच्या आधी ठेवले, मत्तयातल्या क्रमाला धरून. रोमन कॅथलिक विधीत ते प्रभूच्या प्रार्थनेनंतर येते. जागा बदलावी का, यावर रोममध्ये बराच विचार झाला आणि २०१४ मध्ये ती तशीच ठेवण्याचे ठरले. आधीची जागा जास्त बोलकी वाटते. दान देण्यापूर्वी उठून जायला वेळ मिळतो. अडचण अशी की माणूस शेजारच्याला नमस्कार करतो, आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो पलीकडच्या रांगेत तसाच राहतो.

आता नाव कळवण्याची रीत क्वचितच दिसते, त्यामुळे भार मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्यांवर येतो. आधी एकट्याने भेटायचे: एकच घटना, त्या दिवशीचे नेमके शब्द, ‘तू नेहमीच’ नाही, जुनी प्रकरणे नाहीत. नाही ऐकले तर एक-दोन साक्षीदार, दोघांनाही चालणारे. मेहुणा किंवा चुलता घेतला की तो एका बाजूचा ठरतो. मंडळी सर्वांत शेवटी. आज हा क्रम उलटतो तो व्हॉट्सॲप गटावर. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून घरचे भांडण शंभर जणांना कळते आणि पहिली भेट होण्याआधीच दोन तट पडतात.

पैशाचा किंवा जमिनीचा वाद असेल तर माफी एका दिवशी आणि हिशेब दुसऱ्या दिवशी, कागदावर रक्कम आणि तारीख लिहून. जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचे बोलून दाखवले होते (लूक १९:८), नुसते डोळे पुसले नव्हते. मारहाण असेल तर पहिली पायरी वगळावी. तिथे एकटीला पाठवायचे नसते; आधी सुरक्षित घर आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंद. समेटाची बोलणी त्यानंतर, आणि तिची इच्छा असेल तरच.