लांबत गेलेल्या रहस्यमालिका आणि दुभंगलेला वाचकवर्ग : पार्श्वभूमी

एखादी रहस्यमालिका बरीच वर्षे चालली की तिच्या वाचकांत हमखास दोन तट पडतात. नायक तोच, सहायक तोच, गुन्ह्याची उकल करण्याची रीतही तीच, मग हे आणखी किती दिवस वाचायचे, असे एका बाजूचे म्हणणे असते; आणि नेमक्या त्याच कारणांसाठी दुसरी बाजू पुढच्या पुस्तकाची चौकशी करायला पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात जाते. पुण्यातल्या वाचनालयांत हा मतभेद आज ऐकू येतो तेव्हा ज्याची त्याची आवड असे म्हणून तो सोडून दिला जातो. इतिहास पाहिला तर मात्र मला असे वाटते की या भांडणाचे मूळ आवडीनिवडीपेक्षा मालिका वाचकाच्या हाती कोणत्या गतीने आली यात अधिक आहे. ज्याला पुढच्या कथेसाठी महिनाभर थांबावे लागले त्याचा अनुभव वेगळा, आणि ज्याने सगळा संच पंधरवड्यात संपवला त्याचा वेगळा.

या वादाचे पहिले ठळक उदाहरण लंडनचे आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला १८८७ मध्ये एका कादंबरीतून आणले, परंतु तो घरोघरी पोहोचला तो १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात येऊ लागलेल्या कथांमुळे. डॉइल यांना आपले ऐतिहासिक लेखन अधिक मोलाचे वाटत होते आणि होम्स त्याच्या आड येत होता, म्हणून डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यापाशी संपवले. वाचक संतापले, अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला आणि त्याच्या कथा १९२७ पर्यंत येत राहिल्या. ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा एवढा तो पसारा झाला. परतलेल्या होम्सविषयी मात्र एकमत उरले नाही. कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने आपल्याला ऐकवले, की होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही, अशी आठवण खुद्द डॉइल यांनीच लिहून ठेवली आहे. वाढवलेल्या मालिकेबद्दल वाचकाची जी तक्रार असते ती इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितली असेल, आणि ती लेखकाने प्रामाणिकपणे नोंदवावी याचे मला विशेष वाटते.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या प्रमाणावर उभा राहिला, कारण येथे आकडेच वेगळे होते. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावे पुस्तके न वाचणाऱ्यांनाही ठाऊक झाली. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक यांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. एवढे लेखन एका हाताने करायचे तर कथेचा साचा ठरलेला असावा लागतो, आणि तो तसा होता. पुस्तके आकाराने लहान, किंमत बेताची, आणि बहुसंख्य वाचकांकडे ती विकत घेऊन नव्हे तर वाचनालयातून येत. पुण्यात १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर किंवा १९११ पासूनचे पुणे मराठी ग्रंथालय अशा जुन्या संस्था होत्याच. त्यांच्या जोडीला पेठांमधून अनामत रक्कम आणि थोडे भाडे घेऊन पुस्तके देणारी छोटी खासगी वाचनालये चालत. तेथे झुंजारचे नवे पुस्तक परत येण्याची वाट पाहणाऱ्या वाचकाला दोन पुस्तकांतले साम्य खटकत नसे. मधल्या दिवसांत तो इतर बरेच काही वाचत असे, आणि ओळखीचा नायक पुन्हा भेटावा एवढीच त्याची अपेक्षा असे.

विरोध करणारे तेव्हाही होते. पण त्यांचा आक्षेप मालिका लांबली असा नसून मुळात रहस्यकथाच हलकी, असा होता. घरातली वडीलधारी माणसे ही पुस्तके अभ्यासाच्या आड येतात म्हणून हिरावून घेत, आणि मराठी समीक्षेने तर दीर्घकाळ त्यांची दखलच घेतली नाही. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’, १९५० मध्ये ‘मोहिनी’ आणि १९५४ मध्ये ‘नवल’ ही मासिके सुरू केली, आणि विशेषतः ‘नवल’मधून अद्भुत व रहस्यमय साहित्याला नेटके संपादन आणि प्रतिष्ठा मिळाली. तरीही मासिकातली एखादी निवडक कथा चांगली आणि मालिकेतले पुस्तक टाकाऊ, अशी विभागणी सुशिक्षित वाचकाच्या मनात राहिलीच. हा अन्याय होता असे माझे मत आहे, कारण त्यामुळे मालिकेतली चांगली पुस्तके कोणती आणि उरकलेली कोणती, ही छाननी वेळच्या वेळी झाली नाही.

पुण्याच्या संदर्भात या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे नाव सुहास शिरवळकर यांचे. त्यांनी रहस्यकथेपासून सुरुवात केली आणि एकाच नायकावर न विसंबता दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास असे वेगवेगळे नायक उभे केले. एकाचा कंटाळा आलेला वाचक दुसऱ्याकडे वळावा, ही सोय त्यात आपोआप झाली. पुढे ते सामाजिक कादंबरीकडे वळले, स. प. महाविद्यालयाच्या परिसरातल्या तरुणांवरची ‘दुनियादारी’ १९८२ मध्ये आली. येथे मतभेदाला नवे वळण मिळाले. आधीच्या लेखकांविषयी तक्रार होती ती तेच तेच लिहिण्याची. शिरवळकरांविषयी एका गटाची खंत अशी, की त्यांनी रहस्यकथा सोडायला नको होती. दुसरा गट त्यांना ओळखतो तो ‘दुनियादारी’मुळेच, आणि २०१३ च्या चित्रपटानंतर या गटात जे तरुण आले त्यांपैकी अनेकांना दारा बुलंद हे नाव नंतर कळले. ज्यांनी महाविद्यालयीन वयात ही रहस्यकथांची पुस्तके येतील तशी वाचली त्यांना त्या नायकांबरोबर आपलेच दिवस आठवतात. नव्या आवृत्त्यांचा गठ्ठा एकदम घरी आणणाऱ्याला संवादांतल्या लकबी आणि प्रसंगांची पुनरावृत्ती आधी दिसते. शिरवळकर २००३ मध्ये गेले. दोन्ही बाजूंचे बोलणे खरे आहे, हे सांगायला अधिक सविस्तर अभ्यास व्हायला हवा होता.

मालिका थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे यांचे आणखी एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे, आणि मराठी वाचकांना ते फारसे ठाऊक नसते. बंगाली रहस्यकथांचा नायक व्योमकेश बक्षी याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईतली चित्रपटसृष्टी सोडून १९५२ मध्ये पुण्यात राहायला आले. व्योमकेश त्यांनी १९३२ मध्ये निर्माण केला होता. पहिल्या काही कथांनंतर त्याचे लग्न लावून देऊन त्यांनी १९३६ च्या सुमारास हे लेखन थांबवले. विवाहित नायक वाचकांना रुचणार नाही, अशी त्यांची समजूत होती. सुमारे पंधरा वर्षांनी वाचकांना अजून व्योमकेश हवा आहे असे लक्षात आल्यावर त्यांनी तो परत आणला, आणि पुढच्या अनेक कथा त्यांच्या पुण्यातल्या वास्तव्याच्या काळातल्या आहेत. पूर्ण झालेल्या ३२ कथा आणि १९७० मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिलेली एक, एवढाच हा संसार. अर्नाळकरांच्या तुलनेत अगदीच आटोपशीर.

तरीही मतभेद येथेही आहेत. व्योमकेश वयाने वाढतो, त्याला मुलगा होतो, त्याच्याभोवतीचे कोलकाता बदलते, आणि अखेरच्या कथांत तर अजित हा निवेदकही बाजूला होतो. काहींना हा बदल मालिकेचा प्राण वाटतो, काहींना अजितशिवाय व्योमकेश अपुरा वाटतो. महाबळेश्वरला घडणाऱ्या एका कथेत भुताटकीचा अंश येतो, तेव्हा तर्कावर चालणाऱ्या नायकाला हे शोभते का, असा प्रश्न वाचकाला पडतो. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेने व्योमकेश मराठी घरांत आणला, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख ठराविक वारी, एका वेळी एक भाग अशीच झाली. त्या पिढीतल्या माणसांकडून व्योमकेशबद्दल कंटाळ्याचा शब्द क्वचितच ऐकू येतो.

मालिका आधीच संख्या ठरवून लिहिली तर हा वाद टळतो का, असे कोणी विचारील. मै शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीने १९६५ ते १९७५ या काळात ठरवून १० कादंबऱ्या लिहिल्या आणि मालिका तेथेच संपली. अगाथा ख्रिस्ती यांनी आपला गुप्तहेर पॉयरो याची अखेरची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती, ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात, त्याचा स्वतःला वीट आलेला असूनही, त्या वाचकांसाठी त्याच्यावर लिहीत राहिल्या. मराठी लेखकाला अशी मोकळीक नव्हती. त्याचे घर पुढच्या पुस्तकाच्या मानधनावर चालत होते.

आता या पुस्तकांचे पुनर्मुद्रण होत आहे. पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने अर्नाळकरांच्या निवडक रहस्यकथा पुन्हा छापल्या, शिरवळकरांची पुस्तके नव्या मुखपृष्ठांनी दुकानांत दिसतात, आणि ऐकण्याच्या पुस्तकांमुळे प्रवासात एकामागून एक भाग संपवणारा नवा श्रोताही आला आहे. या आवृत्त्यांत एक उणीव मला वारंवार जाणवते: मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि मालिकेतला क्रम अनेकदा कोठेच दिलेला नसतो. व्योमकेशच्या बाबतीत वाचनाच्या क्रमात पहिली मानली जाणारी कथा लेखनक्रमात तिसरी आहे, आणि बंगाली वाचकाला ते माहीत असते, कारण संपादकांनी तशी नोंद केली आहे. झुंजार किंवा मंदार पटवर्धन यांच्या पुस्तकांची अशी कालानुक्रमे सूची प्रकाशकांनी आणि शहरातल्या जुन्या ग्रंथालयांनी मिळून तयार केली, तर कोणते पुस्तक उमेदीच्या काळातले आणि कोणते घाईत लिहिलेले, हे नव्या वाचकाला स्वतः तपासता येईल.