बोटावरचं केळं आणि ३१२ चा आकडा

अमळनेरचे आमचे आबा, म्हणजे माझे मोठे काका, बरीच वर्षं इन्सुलिनवर आहेत. गेल्या वैशाखात मी त्यांच्याकडे होतो. दुपारी जेवणाआधी त्यांनी बोट टोचलं, स्ट्रिपला रक्त लावलं आणि पाच सेकंदांत ग्लुकोमीटरवर, म्हणजे रक्तातली साखर मोजणाऱ्या मशीनवर, ३१२ आलं. "मी तं काईच खादं नही!" आबा घाबरून म्हणाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे एवढ्या आकड्याला इन्सुलिनचे युनिट वाढवायचे होते आणि इन्सुलिन टोचायचं पेन त्यांच्या हातात आलंही होतं. तेवढ्यात मला आठवलं, थोड्या वेळापूर्वीच त्यांनी नातवंडांसाठी केळी सोलून, हातानेच कुस्करून शिकरण केलं होतं. साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. १४८.

त्या ३१२ वर विसंबून जादा इन्सुलिन घेतलं असतं, तर शुगर ७० च्या खाली गेली असती. मग घाम, थरथर, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धीही. आबांचं रक्तही बरोबर होतं आणि मशीनही. मग आकडा चुकला कुठे?

उत्तर स्ट्रिपच्या टोकाशी आहे. कांदा सोलताना सालीखाली काळी भुकटी दिसते, ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. तिच्याच जातीपासून ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम काढतात आणि अनेक स्ट्रिपवर ते वाळवून बसवलेलं असतं. एन्झाइम म्हणजे एकच काम पक्कं जाणणारं प्रथिन. याचं काम ग्लुकोजच्या रेणूला पकडून त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेणं. निसर्गात ते हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतं. स्ट्रिपवर मात्र मध्ये एक रासायनिक हमाल ठेवलेला असतो, उदाहरणार्थ फेरिसायनाइड. तो इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या टोकावर, नेऊन टाकतो. मशीन अगदी कमी व्होल्टेज लावून हा प्रवाह मोजतं. जितकं ग्लुकोज जास्त, तितका प्रवाह जास्त. १९६२ साली अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची ही जोडी प्रथम मांडली. त्याआधी घरोघरी लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळून रंग बघत, आणि रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही.

म्हणजे मशीनला ना रक्त कळतं ना मधुमेह. त्याला फक्त इलेक्ट्रॉन कळतात.

आता थोडं गणित करू. शुगर १०० असणं म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. स्ट्रिप रक्त ओढते जेमतेम अर्धा मायक्रोलिटर. त्यात ग्लुकोज येतं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे साखरेच्या एका दाण्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकं. तरी त्यात रेणू असतात सुमारे १७ कोटी कोटी, आणि प्रत्येकाचे दोन इलेक्ट्रॉन! पिकल्या केळ्यात साधारण पाच टक्के ग्लुकोज धरलं, तर एवढंच ग्लुकोज केळ्याच्या एक शतांश मिलिग्रॅम गरातून मिळतं. हा गर डोळ्याला दिसणारही नाही, पण थेंबात मिसळला की १०० चे २०० होतात.

गंमत अशी की आपली चहातली साखर या एन्झाइमला जवळजवळ ओळखूच येत नाही. ती सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी, आणि एन्झाइमला सुटं ग्लुकोज लागतं. कच्च्या केळ्यातला स्टार्च पिकताना फुटतो आणि त्यातून सुटं ग्लुकोजही तयार होतं. मधात ते भरपूर, गुळातही थोडं असतंच. रावेर-यावलच्या पट्ट्यात, जिथे घरात केळीचा घड टांगलेला असतो, तिथे हे लक्षात ठेवायलाच हवं. स्पिरिटच्या बोळ्याने भागेल असं समजू नका. २०११ साली जपानी डॉक्टरांनी लोकांना संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून हे तपासलं होतं. बोट अल्कोहोलने पुसूनही आकडे फुगलेलेच राहिले आणि पाण्याने हात धुतल्यावर जागेवर आले. हात धुणं जमलंच नाही आणि हाताला फळ किंवा गोड काही लागलेलं नसेल, तरच पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

दुसरा शत्रू आपलं ऊन. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पत्र्याच्या घरात किंवा मोटरसायकलच्या डिकीत स्ट्रिप बिघडते आणि ते दिसतही नाही. फ्रिज आणि माठाजवळची ओल तितकीच वाईट. धाब्याच्या घराची आतली खोली त्यातल्या त्यात बरी. स्ट्रिप मूळ डबीतच ठेवावी, कारण ओल शोषणारा पदार्थ त्या डबीत बसवलेला असतो.

या सगळ्या खटपटीला कंटाळून काही जण सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ मागवतात. ते कृपा करून घेऊ नका. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की त्वचेला भोक न पाडता स्वतःहून ग्लुकोज मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आणि कारल्याचा रस पिऊन "आता तपासायची गरजच नाही" म्हणणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. त्यांचं ऐकून इन्सुलिन सोडणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

आबांचा आता वेगळाच प्रश्न असतो. एका बोटावर १४८ आणि दुसऱ्यावर १५६, मग खरं कोणतं? दोन्ही. मशीनसाठीच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक चालतो. १४८ ला १५ टक्के म्हणजे २२. शिवाय रक्तात तांबड्या पेशी कमी असतील, तर बरीच मशीनं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. काकूंचं हिमोग्लोबिन कायम कमी असतं, म्हणून घरच्या आकड्याबरोबर त्यांची शिरेतल्या रक्ताची तपासणी लॅबमध्ये करून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.