किलकेनी वर्कहाऊस दफनभूमी

आयर्लंडच्या आग्नेय भागातील किलकेनी शहरात, तेथील जुन्या वर्कहाऊसच्या (निराधार गरिबांच्या आश्रयगृहाच्या) आवारात सापडलेली महादुष्काळाच्या काळातील (१८४५–५२) सामूहिक दफनभूमी. रेल्वे स्थानकालगत व्यापारी संकुल उभारण्यापूर्वी जी पुरातत्त्वीय चाचणी घेतली गेली, तीत २००५ मध्ये ती उजेडात आली. २००६ मध्ये तिचे उत्खनन झाले. ६३ खड्ड्यांतून किमान ९७० व्यक्तींचे सांगाडे निघाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले होती.

आयर्लंडमधील वर्कहाऊस ही १८३८ च्या गरीब कायद्याने निर्माण केलेली संस्था. स्थानिक करांतून तिचा खर्च चाले. आत येणाऱ्याला काम, ठरावीक शिधा आणि निवारा मिळे; मात्र पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना वेगवेगळे ठेवले जाई. जॉर्ज विल्किन्सन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेले किलकेनीचे वर्कहाऊस १८४२ मध्ये सुरू झाले. त्याची मूळ क्षमता सुमारे १,३०० जणांची होती. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा (फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या रोगजंतूमुळे होणारा, उशिरा येणारा करपा) पडला आणि त्यानंतरच्या वर्षांत ही क्षमता कितीतरी पटींनी ओलांडली गेली. शहरातील दफनभूम्या अपुऱ्या पडल्यावर मृतांना आवारातच पुरण्यास सुरुवात झाली. हा काळ साधारणपणे ऑगस्ट १८४७ ते मार्च १८५१ असा मानतात. पुढे ही जागा विस्मरणात गेली. वर कोणतीही खूण नव्हती, आणि चाचणी होईपर्यंत तेथे माणसे पुरली आहेत याची कोणाला कल्पनाही नव्हती.

‘सामूहिक खड्डा’ म्हटले की प्रेते कशीही ढकलून दिल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. किलकेनीतील पुरावा तसा नाही. बहुतेक मृत लाकडी शवपेट्यांत होते आणि पेट्या खड्ड्यात एकावर एक रचलेल्या होत्या. संस्था तुडुंब भरलेली असताना आणि रोज प्रेते बाहेर काढावी लागत असतानाही बहुतेकांना पेटी दिली गेली, ही गोष्ट या उत्खननाच्या वर्णनात मागे पडू नये.

अस्थींचा मुख्य अभ्यास अस्थिपुरातत्त्वज्ञ जॉनी गेबर यांनी केला. त्यात सर्वाधिक चर्चा झाली ती स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाची. बटाट्यात क जीवनसत्त्व भरपूर असते आणि आयरिश गरीब जवळजवळ बटाट्यावरच जगत, त्यामुळे दुष्काळापूर्वी हा रोग त्यांच्यात विरळाच होता. बटाटा गेला आणि त्याच्या जागी मका आला. मक्यातून हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. ते न मिळाल्यास केशवाहिन्या कमकुवत होऊन रक्तस्राव होतो आणि त्याला प्रतिसाद म्हणून हाडाच्या पृष्ठावर बारीक छिद्रे किंवा नवे अस्थिथर तयार होतात. कवटीच्या तळाशी असलेले जतूकास्थी (स्फेनॉइड) हे हाड, जबड्याची हाडे आणि पायांची लांब हाडे येथे ही चिन्हे पाहिली जातात. संग्रहातील सुमारे निम्म्या सांगाड्यांत ती आढळली. याचा अर्थ निम्मे लोक स्कर्व्हीने मेले असा घेणे मात्र चुकीचे ठरेल. प्रलापक सन्निपात (टायफस), पुनरावर्ती ज्वर आणि पटकी हे दुष्काळातील मोठे मारेकरी रोग. ते इतक्या झटपट नेतात की हाडावर त्यांची खूण उमटत नाही. उलट ज्याच्या हाडावर खूण आहे तो उपासमारीत काही आठवडे किंवा महिने तग धरून होता. त्यामुळे कोरी हाडे म्हणजे सुदृढ माणूस, हा निष्कर्षही टिकत नाही. ही चिन्हे मृत्यूच्या कारणापेक्षा कुपोषण किती काळ चालले ते सांगतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मका ओळखण्याची दुसरी पद्धत समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची; उदा., कार्बन-१३, नायट्रोजन-१५). आयर्लंडमधील बटाटा, ओट, गहू या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या सी-३ गटात येतात, तर मका सी-४ गटात. मका खाणाऱ्याच्या कोलॅजेनात (हाडादातांतील प्रथिनात) कार्बन-१३ चे प्रमाण वाढते. (ज्वारी, बाजरीही सी-४ गटातलीच असल्याने महाराष्ट्रात दुष्काळी मका असा वेगळा दिसणे अवघड जाईल.) दाताचे दंतिन (दाताच्या आतील कठीण ऊतक) थराथराने वाढते आणि पुन्हा बदलत नाही, म्हणून एकाच दातात बालपणापासूनचा क्रम वाचता येतो. किलकेनीच्या काही दातांत आधी नायट्रोजन-१५ वर चढते आणि मागाहून कार्बन-१३ वाढू लागताच ते उतरते. पहिला चढ शरीर स्वतःचेच ऊतक मोडून जगत असल्याचा आणि पुढचा बदल मक्याचा शिधा मिळू लागल्याचा, असा अर्थ जुलिया बोमाँट व जॅनेट मंट्गमेरी यांनी लावला. याच खुणेच्या आधारे लंडनच्या ल्यूकिन स्ट्रीट येथील कॅथलिक दफनभूमीतील (१८४३–५४) काही व्यक्ती दुष्काळातून निघून आलेले स्थलांतरित असल्याचे सुचवले गेले.

२०१९ मध्ये ४२ व्यक्तींच्या दातांवरील कीटणाची (साचून कठीण झालेल्या थराची) तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात मक्याचे स्टार्चकण प्रामुख्याने मिळाले. ओट, गहू, दूध यांचेही अवशेष होते. मक्याच्या पिठाचा घाटा हे वर्कहाऊसमधील नित्याचे अन्न असल्याने यात नवल नाही. अंड्यातील प्रथिनांचा अंश मात्र अनपेक्षित होता, कारण अंडी गरिबाच्या ताटात क्वचितच येत. खाऊनपिऊन बरे असलेली काही कुटुंबेही शेवटी वर्कहाऊसच्या दारी आली, असे त्यावरून सुचवले जाते.

प्रौढांच्या दातांत किडीचे प्रमाण मोठे आहे. पुढच्या वरच्या-खालच्या दातांत मिळून पडलेली गोल खाच अनेकांच्या जबड्यात दिसते. मातीच्या चिलमीची नळी वर्षानुवर्षे एकाच जागी धरल्याने ती पडते.

अभ्यास पुरा झाल्यावर २०१० मध्ये अवशेष त्याच परिसरातील स्मृतिउद्यानात पुन्हा पुरण्यात आले. वर्कहाऊसची इमारत आज व्यापारी संकुलाचा भाग आहे.