शाळाबाह्य मुलाला मधल्या वर्षात शाळेत घालायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या फडावर निघतात आणि मुलंही सोबत जातात. मोठी मुलगी कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळते, नाहीतर मोळ्या बांधते. वीटभट्टीवरही हेच. अशा मुलांचा शाळेवर पूर्ण हक्क आहे, पण 'कागद नाहीत' एवढ्यावरून पालक शाळेच्या दारातूनच परत फिरतात.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत मोफत प्रवेश मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांची ऑनलाइन सोडत वेगळी, तिच्याशी याची गल्लत करू नका. मूल कधीच शाळेत गेलं नसेल किंवा मध्येच सुटलं असेल, तरी कलम 4 प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गातच बसवायचं. अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं, तर ते लाजेनंच पुन्हा कामावर जाईल. मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा असतो. वय 14 च्या पुढे गेलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं.

कागदांचं म्हणाल, तर जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14). आधार नाही किंवा आधीच्या शाळेची टीसी यायची आहे, हीसुद्धा प्रवेश अडवायची कारणं नव्हेत.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा: मुलाचं नाव, अंदाजे वय, आधीची शाळा असल्यास तिचं नाव, सध्याचा मुक्काम. वर्षाच्या मध्यातही प्रवेश मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच. पुढे तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा. गाव सोडण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे नव्या ठिकाणी मूल कितवीत होतं ते कळतं. मुलाला गावीच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी टोळी निघण्यापूर्वीच करा.

शाळेनं नकार दिला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. तिथेही दाद मिळाली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. 14 वर्षांखालचं मूल हॉटेलात, भट्टीवर कामाला ठेवलेलं दिसलं, तर 1098 वर कळवा. हा फोन मोफत असून चोवीस तास लागतो.