पंचायतीत नेट आलं म्हणजे गावात आलं?

आमच्या जत तालुक्यात कुणालाही विचारा, कालवा येणं वेगळं आणि पाणी येणं वेगळं. म्हैसाळचा कालवा शिवाराला लागून गेला तरी पोटचारी नसेल तर रान कोरडंच. हे लहान पोरालाही कळतं. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही एकच धरून बसतो.

पंचायतीपर्यंतचं फायबर म्हणजे कालवा. 2011 साली मंजूर झालेल्या, पुढं भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचं काम हेच: तालुक्यावरून केबल आणून अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती जोडायच्या. केबल कार्यालयातल्या एका डबीत येऊन थांबते. डबीवरचा ‘पॉन’चा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येतोय हे दाखवणारा दिवा हिरवा झाला की गाव जोडलं, अशी नोंद. लाईट गेली आणि बॅटरी उतरलेली असली की तो दिवाही नाही, हा भाग निराळा.

तिथून घरापर्यंतची जोडणी ही पोटचारी, आणि आराखडे फसतात ते इथंच. फायबर म्हणजे काचेची बारीक तार, तिच्यातनं नेट प्रकाशाच्या रूपात येतं. हा प्रकाश स्प्लिटर नावाच्या वाटे करणाऱ्या डबीनं घरोघरी वाटला जातो. एकाचे दोन वाटे केले की निम्मा, 32 केले की प्रत्येकाला बत्तिसाव्या हिश्शाहूनही जरा कमी. प्रकाशाची घट मोजायचं माप डेसिबल, त्यात ही घट 17 च्या आसपास भरते. उलट एक किलोमीटर फायबरमध्ये जेमतेम 0.35 डेसिबल जातात. त्यामुळं ‘वस्ती लांब आहे, नेट पोचणार नाही’ हे उत्तर मला पटत नाही. दोन-चार किलोमीटरनं प्रकाश मरत नाही, खर्च वाढतो. कृष्णाकाठच्या गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं, दोन गल्ल्यांत एका स्प्लिटरची 32 गिऱ्हाईकं होतात. आमच्याकडं माणसं मळ्यात राहतात. तेवढीच घरं गाठायला कैक पट केबल, खांब, आणि पाइपलाइनसाठी चर खणणाऱ्या जेसीबीची भीती कायमची.

भारतनेटच्या 2023 च्या सुधारित योजनेत पंचायतीपलीकडची गावं मागणीनुसार जोडायची तरतूद आहे. मागणी म्हणजे काय, तर कुठल्या वस्तीवर किती घरं, जवळचा खांब कुठं, किती जण महिन्याचे पैसे भरतील. ग्रामसभेचा ठराव आम्ही केला तेव्हा पहिल्या मसुद्यात नुसतं गावाचं नाव होतं. मग बसून एकेक वस्ती, मळा, घरांचा आकडा घालत गेलो. यादी दीड पान झाली.